शेरा : घर शांत

“शांत म्हणजे हिरवं,” तेजस्विनी म्हणाली. “ठीक म्हणजे हिरवं, बरं म्हणजे हिरवं, सुरळीत म्हणजे हिरवं. वाद, तक्रार, गैरहजर असं काही आलं की पिवळं. मारहाण, भाजली, पोलीस, घर सोडलं... की लाल. एकेक वही वाचत बसले असते तर दिवाळी उजाडली असती, ताई. म्हणून शेऱ्यांमधले शब्द वेगळे काढले. तीनशे बारा निघाले. त्यांना रंग दिले, साधना मॅडमची सही घेतली.”

लताबाई पिशवी खांद्यावरून न उतरवताच टेबलाशी उभ्या होत्या. सातपूरच्या त्या दोन खोल्यांच्या केंद्रात आता एवढं एकच टेबल उरलं होतं. कपाटं टेम्पोतून गेली होती आणि ती जिथे होती तिथे भिंतीचा जुना पोपटी रंग चौकोनात शिल्लक होता. पालिकेने शहरातली सहा कुटुंब साहाय्य केंद्रं बंद करून नाशिक रोडला एकच मोठा कक्ष करायचं ठरवलं होतं. परिपत्रकात त्याला ‘सेवांची पुनर्रचना’ म्हटलं होतं. लताबाई एकोणीस वर्षं या केंद्राच्या समूह संघटिका होत्या. म्हणजे वस्तीत पायी फिरायचं, ज्या घरांत मुलांचं बरं चाललेलं नाही अशा घरी दर आठवड्याला जायचं, आणि पाहिलेलं वहीत लिहायचं. त्या सगळ्या वह्या आता तेजस्विनीने संगणकात उतरवल्या होत्या. ती संख्याशास्त्रात एमएस्सी झालेली, तीन महिन्यांच्या करारावर आलेली मुलगी होती आणि तिचा तिसरा महिना संपत आला होता.

“आणि हिरवं झालं की काय होतं?” लताबाईंनी विचारलं.

“सलग सहा भेटी हिरव्या असल्या की प्रकरण बंद. आपोआप.”

“माझी किती बंद झाली?”

“एकेचाळीसपैकी एकोणतीस.” तेजस्विनी हसली. “सगळ्या शहरात तुमचा निकाल पहिला आहे, ताई. मॅडम परवाच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव घेत होत्या. पेढे पाहिजेत.”

“यादी दाखव.”

तेजस्विनीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. लताबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला आणि काचेला बोट लावून एकेक नाव खाली सरकत वाचलं. सतराव्या नावाशी बोट थांबलं. वेदिका, वय नऊ, इयत्ता चौथी. वडील दीपक, पावडर कोटिंगचं काम, अंबड. आई चांगुणा. त्यापुढे तारखा आणि शेरे. घर शांत. घर शांत. घर शांत. फेब्रुवारीपासून प्रत्येक मंगळवारी तेच.

“काही चुकलं का माझं?” तेजस्विनीने विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

“तुझं नाही.” लताबाईंनी आता कुठे पिशवी खाली ठेवली. “पण मला सांग, दहा बाय दहाच्या खोलीत तीन पोरं आहेत. ते घर शांत कसं असेल, असं एकदाही मनात आलं नाही तुझ्या?”

तेजस्विनीने स्क्रीनकडे पाहिलं. मग लताबाईंकडे. काही क्षण तिचे ओठ नुसते हलले, हिशेब जुळवताना हलतात तसे.

“सगळीच?” तिने विचारलं. “जिथे जिथे ‘शांत’ आहे ती सगळीच?”

“एकोणतीसच्या एकोणतीस.”

तो शब्द लताबाईंचा नव्हता. तो यशोदाबाईंचा होता. लताबाई नोकरीला लागल्या तेव्हा यशोदाबाई इथल्या वरिष्ठ संघटिका होत्या. पहिल्याच वर्षी लताबाईंनी एका घराविषयी वहीत सरळ लिहिलं होतं, ‘नवरा दारू पिऊन बायको-मुलांना मारतो.’ पुढच्या भेटीला तो माणूस घरीच होता. त्याने वही मागितली. सरकारी वही आहे, देता येत नाही, असं म्हणेपर्यंत त्याने ती ओढून घेतली होती. तो सातवी शिकलेला होता. दारात उभं राहून त्याने ते वाक्य मोठ्याने वाचलं, वही नीट मिटली, दोन्ही हातांनी परत दिली आणि म्हणाला, “अक्षर चांगलंय.” त्याच्या पुढच्या आठवड्यात खोलीला कुलूप होतं. ते कुटुंब कुठे गेलं ते कधीच कळलं नाही. बाईला शेवटचं पाहिलेल्या शेजारणीने सांगितलं की ती तोंडावर पदर धरून टेम्पोत बसली होती.

तेव्हा यशोदाबाईंनी लताबाईंना केंद्राच्या मागच्या खोलीत नेऊन सांगितलं, “पुरुष वही वाचतात. सासवा वाचून घेतात. त्यामुळे वहीत चांगलंच लिहायचं. जिथं पोरं भांडतायत, रडतायत, कुणी कुणाला ‘देत नाय ज्जा’ म्हणतंय, तिथं लिही ‘घरात गडबड’. म्हणजे ते बरं आहे. आणि जिथं पोरं भिंतीला टेकून बसलेली दिसतील तिथं लिही ‘घर शांत’. कोण रागावणार आहे त्याला?”

कोणी रागावलं नाही. उलट पुरुषांना तो शेरा आवडायचा. “बघा, बाईनी काय लिहिलंय,” असं म्हणून शेजाऱ्यांना दाखवायचे. वहीतून कोणती घरं धोक्याची आहेत हे केंद्रात दोघींना कळत होतं आणि तेवढं पुरत होतं. यशोदाबाई निवृत्त झाल्या, पुढे वारल्या. त्यानंतर ते आपल्या एकटीलाच कळत होतं, हे लताबाईंच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं. तेजस्विनीने ‘घरात गडबड’लाही रंग दिला होता. पिवळा.

मंगळवारी त्या नेहमीसारख्या नाल्यापलीकडच्या वस्तीत गेल्या. केंद्र बंद झालं होतं, भेटीचा आदेश नव्हता, पण ओळखपत्राची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. दीपकची त्या आठवड्यात पहिली पाळी होती, म्हणजे तो दुपारी साडेतीनपर्यंत घरी यायचा नाही. सगळ्या पाळ्या लताबाईंना पाठ होत्या.

“वेदू, पाणी दे गं बाळा,” दारातच त्या म्हणाल्या.

ही त्यांची पद्धत होती. कोणत्याही घरी गेल्या की त्या पाणी मागायच्या, आणि मुलाच्याच हातचं मागायच्या. मूल उठतं कसं, कोणत्या पायावर भार देतं, माठापर्यंत जाताना कुणाकडे बघतं, पेला एका हाताने धरतं की दोन्ही, बाही वर सरकली की मनगटाच्या वर काय दिसतं, हे सगळं त्या सहा-सात पावलांत कळायचं. विचारावं लागायचं नाही. दिवसाला चौदा घरं, चौदा पेले पाणी. वस्तीत बायकांना जायला जागा नव्हती, त्यामुळे त्या पाण्याने लताबाईंना दहा वर्षांपूर्वीच लघवीचा त्रास लागला होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, पाणी भरपूर पिता ना? त्या म्हणाल्या होत्या, “ती तर नोकरीच आहे माझी.”

वेदिका उठली. उजव्या हाताने तिने माठाचं झाकण काढलं, ते खाली ठेवलं, त्याच हाताने पेला बुडवला, तो खाली ठेवला, मग त्याच हाताने झाकण लावलं. डावा हात पोटाशी होता. दोन लहान भाऊ पलंगाखाली बसून होते. त्यांच्याजवळ चाकं नसलेली एक गाडी होती, पण ते खेळत नव्हते.

लताबाईंनी पेला घेतला. “शाळेत गेली नाहीस?”

वेदिकाने आईकडे पाहिलं.

“ताप हाय तिला,” चांगुणा म्हणाली. तिचं माहेर पेठकडच्या एका पाड्यावरचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला रस्ता ओलांडायलाही भीती वाटायची, हे लताबाईंना आठवत होतं. “बाई, तुमी कशाला आलात? आता तुमचं येनं बंद झालंय ना?”

“कोण म्हणालं?”

चांगुणाने आवाज आणखी खाली आणला. “त्याच्या मोबाइलवर आलंय. दाखवलं मला. मला वाचता येत नाय, मग वेदूकडून वाचून घेतलं. तीन येळा वाचायला लावलं.”

“काय होतं त्यात?” लताबाईंनी वेदिकाला विचारलं.

वेदिकाने शाळेत कविता म्हणतात तशा सुरात सांगितलं, “आपल्या कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक आढळल्याने आपले प्रकरण बंद करण्यात येत आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.”

“सरकारनं लिहून दिलंय म्हनला, माजं घर चांगलंय म्हनून.” चांगुणा चुलीसमोरच्या भांड्यांकडे बघत बोलत होती. “बाई, मी तुमाला कदी सांगितलं नाय, पन तुमी मंगळवारी यायच्या ना, तर सोमवारी तो हात उचलीत नसे. उद्या बाई येनार हाय, पोरीच्या अंगावर काय दिसायला नको, असं त्याचं असायचं. मंगळवारी तुमी बघून गेल्या की बुधवारी... पन सोम-मंगळ तर नीट जायचे. आठवड्यातले दोन दिस. आता ते पन गेले.”

लताबाईंनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. एकोणीस वर्षांच्या कामाचं मोजमाप कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना सांगितलं होतं. आठवड्यातले दोन दिवस.

नाशिक रोडच्या कक्षात जायला सातपूरहून सीबीएसला बस बदलावी लागली. दीड तास लागला. तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार होतं, टोकन देणारं यंत्र होतं, आणि ‘बालस्नेही कोपरा’ अशा पाटीखाली प्लॅस्टिकची घसरगुंडी होती. तिच्यावरचा पारदर्शक कागद अजून काढलेला नव्हता. खुर्च्या सगळ्या रिकाम्या होत्या.

प्रकल्प अधिकारी साधना मॅडमनी त्यांना लगेच आत बोलावलं. “या, लताबाई. आमच्या टॉपर. चहा घेणार ना?”

“मॅडम, माझी एकोणतीस प्रकरणं चुकून बंद झालीत.”

“चुकून कशी? शेरे तुमचेच आहेत. अक्षर तुमचंच.”

“अक्षर माझंच आहे,” लताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. वही ओढून घेणारा माणूस, यशोदाबाई, ‘गडबड’ आणि ‘शांत’. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. चहा आला, त्यावर साय धरली. शेवटी मॅडमनी उठून दार लावलं.

“हे अजून कुणाला माहिती होतं?”

“यशोदाबाईंना. त्या गेल्या.”

“म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही सरकारी नोंदवहीत खोटं लिहिलंत.”

“खोटं नाही, मॅडम. ती घरं शांतच असतात. तुम्ही येऊन बघा.”

“शब्दांचे खेळ नका करू. असं काही दिसलं तर वर कळवायचं असतं. नियम आहे.”

“सुरुवातीला कळवायचे. पोलीस एकदा येतात, मॅडम. माणूस रोज येतो. चांगुणाने माझे पाय धरले होते. म्हणाली, तक्रार झाली तर तो मला पेठला टाकून येईल आणि पोरांना ठेवून घेईल. मी तेव्हा ठरवलं की आपण जात राहायचं. चुकलं असेल माझं.” त्या थांबल्या. “चुकलंच असेल. पण जात तर होते.”

साधना मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी कपाळ चोळलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, “हे बघा, हे आपल्या दोघींत राहू दे. नव्या रचनेत समुपदेशकांच्या चार जागा आहेत. सहा केंद्रांच्या बावीस जणींतून चारच. त्यात तुमचं नाव आहे, आणि ते या एकोणतीस बंद प्रकरणांवर आलंय. तुम्ही हे लेखी दिलंत, तर तो निकालच राहत नाही. वर चौकशी. तुमचं वय काय?”

“चोपन्न.”

“बघा मग.”

“लेखी न देता प्रकरणं उघडतील?”

“नाही. सिस्टीमला कारण लागतं.”

“कागद द्या.”

“लताबाई, घरी जा. मिस्टरांशी बोला. विचार करा दोन दिवस.”

“दोन दिवस नाहीत, मॅडम,” लताबाई म्हणाल्या. “तेच तर गेलेत.”

मॅडमना ते कळलं नाही. त्यांनी कागद दिला.

बाहेरच्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर बसून, मांडीवर टोकन यंत्राच्या खोक्याचा पुठ्ठा धरून लताबाईंनी लिहायला सुरुवात केली. तेजस्विनी त्या दिवशी तिथेच होती. तिने यादी छापून आणली आणि शेजारी बसून एकेक नाव वाचून दाखवलं. लताबाई नावापुढे लिहीत गेल्या. वडील पट्ट्याने मारतात. सावत्र आई जेवू घालत नाही. काका त्रास देतो, मुलीला एकटं ठेवू नये. नोकरीच्या त्या पहिल्या वर्षानंतर त्यांनी असे शब्द कागदावर लिहिले नव्हते. बाविसाव्या नावाला हात दुखायला लागला, म्हणून त्यांनी पेन खाली ठेवून बोटं मोडली.

“तुम्हाला हे सगळं पाठ आहे?” तेजस्विनीने विचारलं.

“वही माझ्याजवळ कुठंय? पाठच करावं लागतं.”

“मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. ‘शांत’ म्हणजे काय, एवढंच. एक फोन.” तेजस्विनी यादीची कडा नखाने कुरतडत होती. “एकच शब्द अकराशे वेळा आला होता. मला वाटलं, किती कंटाळा करतात या बायका. तेच ते लिहितात.”

लताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागावायचं राहून गेलं. “पुढचं नाव वाच,” त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ‘नोंदवहीत हेतुपुरस्सर दिशाभूल करणाऱ्या नोंदी केल्याचे आपण स्वतः मान्य केले असल्याने’ सेवा समाप्त करण्यात येत होती. ओळखपत्र जमा करायचं होतं. लताबाईंच्या नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. ते एका कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर होते आणि मोजूनमापून बोलायचे.

“स्वतः मान्य केलं,” ते म्हणाले. “तुला कुणी विचारलं होतं का?”

“नाही.”

“मग झालं तर.” त्यांनी पत्राची चौघडी घालून ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. त्या रात्री जेवणाची ताटं त्यांनी उचलली, जे ते कधी करत नसत.

त्याच आठवड्यात तेजस्विनीचा फोन आला. तिचाही करार संपला होता, पण कक्षातल्या एका ओळखीच्या मुलाने तिला स्क्रीन दाखवली होती.

“ताई, उघडली! एकोणतीसच्या एकोणतीस. फेरतपासणी असं आलंय सगळ्यांपुढे.”

लताबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. “बरं झालं. कोण जाणार आहे?”

“कुठं?”

“घरी. तपासायला.”

“जाणार कुणी नाही, ताई. ती पोस्टच नाहीये आता. फोन जाणार आहे. रेकॉर्ड केलेला. नोंदवलेल्या नंबरवर.”

“दीपकच्या.”

“हो. शनिवारी. आम्हीच... मीच काढलं होतं ते. सातपूर-अंबडकडचे लोक शनिवारी सगळ्यात जास्त फोन उचलतात. बाकीच्या दिवशी तीस टक्के, शनिवारी ऐंशी.”

“शनिवारी उचलणारच गं,” लताबाई म्हणाल्या. “शनिवारी कारखान्यांना सुट्टी असते. बाप घरी असतो.” एकोणीस वर्षांत त्या शनिवारी कधीच वस्तीत गेल्या नव्हत्या. पहिल्याच महिन्यात यशोदाबाईंनी सांगितलं होतं, शनिवारी जायचं नाही, शनिवारी कुणी खरं बोलत नाही.

त्या शनिवारी त्या गेल्या.

दीपक दारातच दाढी करत बसला होता. आरसा खिडकीच्या गजाला अडकवला होता. “या या, बाई,” तो गालाला साबण असतानाच म्हणाला. “तुमची तर नोकरी गेली म्हनं.”

“गेली.”

“मंग आज कशा? पाव्हनी म्हनून?”

“पाहुणी म्हणून.”

“मंग असं दारात नका उबं राहू. चांगुणे, च्या टाक. बाई पयल्यांदाच पाव्हनी म्हनून आल्यात, दूध घाल जरा.” तो हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, मोकळं. बाहेर कुणालाही तो आवडला असता. “बाई, तुमी माज्यावर लिहून दिलं म्हनं कायतरी. कोन बोललं मला इचारू नका. माजा राग नाय. तुमचं काम हाय ते. व्हतं ते.”

लताबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. टीव्ही चालू होता, आवाज बंद करून. दोन्ही लहानगे पडद्याकडे बघत होते. वेदिका भिंतीशी बसून वहीला पुठ्ठा घालत होती. दोन्ही हात चालत होते. लताबाईंनी ते पाहून घेतलं.

सव्वाअकराला फोन वाजला. दीपकने नंबर पाहिला, टॉवेलने हात पुसले आणि स्पीकर लावला. एका बाईचा गोड, न थांबणारा आवाज खोलीत पसरला. नमस्कार. कुटुंब साहाय्य कक्षातर्फे आपले स्वागत आहे.

“घे,” दीपकने फोन चांगुणापुढे धरला. “तुजाच फोन हाय. सांग काय सांगायचं ते. बाई पन हायत इथं.”

चांगुणाने हात लुगड्याला पुसले. पुसत राहिली. तिने लताबाईंकडे पाहिलं, आणि लताबाईंनी मान किंचित हलवली, घे म्हणून. तिने फोन घेतला नाही.

“हिला आकडं कळत नाय,” दीपक म्हणाला. “वेदे, इकडं ये. तू शिकलेली हायेस ना?”

वेदिका उठली. फोन तिच्या तळहातावर आला. आवाज बोलत होता. आपल्या घरातील मुलांची परिस्थिती समाधानकारक असल्यास एक दाबा. मदतीची आवश्यकता असल्यास दोन दाबा. ही माहिती पुन्हा ऐकण्यासाठी तीन दाबा.

वेदिकाचं बोट आकड्यांवर फिरलं. तिने तीन दाबला.

नमस्कार, आवाज म्हणाला. कुटुंब साहाय्य कक्षातर्फे आपले स्वागत आहे.

“अगं, काय करती?” दीपक हसत म्हणाला. “ऐकू नाय आलं का?”

एक दाबा. दोन दाबा. तीन दाबा. वेदिका आवाज संपेपर्यंत थांबली आणि तिने पुन्हा तीन दाबला. नमस्कार. लहानग्यांपैकी एकाने टीव्हीवरची नजर काढून बहिणीकडे पाहिलं. चुलीवरचा चहा वर आला, तो चांगुणाने उतरवला नाही.

या वेळी दीपकने टॉवेल खांद्यावरून काढला आणि त्याची नीट घडी घालायला लागला. आधी उभी, मग आडवी. तो वेदिकाकडे बघतही नव्हता.

वेदिकाने एक दाबला.

आपला प्रतिसाद नोंदवण्यात आला आहे, आवाज म्हणाला. आपला दिवस शुभ जावो.

“झालं,” दीपक म्हणाला. “च्या घ्या, बाई.”

लताबाईंनी चहा घेतला नाही. त्या उठल्या, वेदिकाच्या डोक्यावर हात ठेवला, बाहेर आल्या आणि चपला घातल्या. बसथांबा डावीकडे होता. त्या गल्ली ओलांडून समोरच्या ओट्याशी गेल्या. तिथे लंकाबाई नावाची म्हातारी कांद्याच्या पातीच्या जुड्या निवडत बसली होती. संध्याकाळी ती त्या अशोकनगरच्या बाजारात विकायची.

“बसू का जरा?”

“बसा की,” लंकाबाई सरकली. तिने समोरच्या दाराकडे पाहिलं, मग लताबाईंकडे. “जरा म्हंजे किती?”

“याची सुट्टी किती वाजेपर्यंत असते?”

“सुट्टी? दिसभर हाय की आज.”

लताबाईंनी पदर खोचला. एक जुडी पुढ्यात ओढून तिचा दोरा सोडला आणि पिवळी पात वेगळी काढायला लागल्या. ऊन थेट ओट्यावर होतं. गल्लीतून जाणारी एक बाई थबकून म्हणाली, “बाई, आज शनवारचं?” लताबाई म्हणाल्या, “हो. आता शनिवारचंच.”

समोर दीपक दारात आला. दार ओढून घ्यायला त्याने हात घातला होता. ओट्यावर बसलेल्या लताबाई त्याला दिसल्या. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे सरळ पाहिलं, आणि पुन्हा पात निवडायला लागल्या. त्याचा हात बराच वेळ तसाच दाराच्या फळीवर राहिला.